अडतिसाव्या वर्षापर्यंत एकच ध्येय?

२०२४ सालची राज्यसेवा पूर्व परीक्षा २८ एप्रिलला व्हायची होती. ती जुलैवर गेली. जुलैची २५ ऑगस्टवर गेली. त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा आली, कृषी सेवेच्या २५८ जागा याच परीक्षेत घ्या ही मागणीही होतीच, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने (एमपीएससीने) पुन्हा तारीख पुढे ढकलली. पेपर झाला १ डिसेंबरला. एप्रिलसाठी तयार झालेला मुलगा डिसेंबरपर्यंत तयारच राहिला. मधल्या सात महिन्यांत त्याने कॉटचं भाडं भरलं, मेसचे पैसे भरले आणि तीच पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून काढली.

अशा मुलाला कुणी आयुष्याच्या ध्येयांवर व्याख्यान दिलं तर तो काय म्हणेल, हे मला ऐकायला आवडेल. या व्याख्यानांचा मजकूर आता सगळ्यांना पाठ झाला आहे. ध्येय कागदावर लिहा, त्याला मुदत घाला, त्याचे छोटे टप्पे पाडा. तब्येत, पैसा, नाती, छंद यांचा तोल सांभाळा. सल्ला वाईट आहे असं नाही. पण हा सल्ला ज्याची दिनदर्शिका त्याच्याच हातात आहे अशा माणसासाठी बेतलेला आहे. हिंजवडीतल्या नोकरदाराला संध्याकाळी सहानंतर लॅपटॉप मिटायचा की नाही, हे निदान काही प्रमाणात ठरवता येतं. पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला आपली परीक्षा कधी आहे हेसुद्धा ठरवता येत नाही.

म्हणून मला वाटतं, संतुलित ध्येयांचा प्रश्न महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कुठे विचारला जायला हवा असेल तर तो सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता, आणि लातूर-अमरावती-छत्रपती संभाजीनगरच्या अशाच गल्ल्यांमध्ये. तिथे आज नेमकी उलटी शिकवण दिली जाते. एकच ध्येय ठेवा. बाकी सगळं विसरा. प्लॅन बी ठेवणारा कधीच पास होत नाही. ही शिकवण चुकीची आहे, ती गरिबाच्या मुलाला सगळ्यात महाग पडते आणि सरकारी धोरण तिला खतपाणी घालतं, असं माझं म्हणणं आहे.

या मुलांचा दिवस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सकाळी सातला अभ्यासिका उघडते, तेव्हा जागेवर पाण्याची बाटली आणि चार्जर ठेवून बसायचं. दुपारी मेस. चारला चहा, आणि चहावर एकच विषय: टेस्ट सिरीजला स्कोअर किती येतोय, कट ऑफ कितीवर लागेल, जाहिरात कधी निघेल. रात्री अकराला खोली, तिथे एका खोलीत चार कॉट. महिन्याला नऊ-दहा हजारांच्या खाली भागत नाही आणि ते पैसे बहुतेक वेळा शेतातून किंवा बापाच्या मजुरीतून येतात. इथवर सगळं ठीक आहे. कष्ट करायला कुणाची ना नाही, विशीतल्या माणसाने दोन वर्षं झोकून द्यावीत यातही काही गैर नाही.

मला खटकते ती एक सवय. दाढ दुखते: पोस्ट निघाली, म्हणजे निवड झाली, की बघू. चष्म्याचा नंबर वाढला: पोस्ट निघाली की बघू. मित्राचं लग्न, भावाशी धरलेला अबोला, वाटणीचा कागद, पोहायला शिकायचं होतं ते, एका मुलीला काहीतरी सांगायचं होतं ते, सगळं पोस्ट निघाल्यावर. वरून पाहता हे एकाग्र मन वाटतं. नीट पाहिलं तर या मुलाची ध्येयं माझ्या-तुमच्याइतकीच आहेत, फक्त त्या सगळ्यांना त्याने एक मोठं कुलूप लावलंय आणि किल्ली आयोगाच्या कार्यालयात ठेवलीय. पोस्ट निघाली तर सगळं एकदम उघडेल ही आशा आहे. नाही निघाली तर? तर फक्त नोकरी गेली असं होत नाही. दाढ, भाऊ, मुलगी, शेत, सगळंच एकदम हातून गेलेलं असतं, आणि म्हणून निकालाच्या संध्याकाळी तो मुलगा जे हरतो ते एका परीक्षेपेक्षा फार मोठं असतं.

आता आकडे पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या, २०२४ च्या नागरी सेवा पूर्व परीक्षेला देशभरातून ५,८३,२१३ उमेदवार प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२७. मुलाखतीपर्यंत पोचले २,८४५. अंतिम यादीत १,००९. म्हणजे पेपरला बसलेल्या साधारण पावणेसहाशे जणांमागे एक. यातले अनेक जण सहज म्हणून बसतात, त्यांना वगळा, असं क्लासवाले सांगतात आणि ते खरंही आहे. मग वगळू. फक्त मुलाखतीपर्यंत पोचलेले घेऊ. इथे हौशी कुणी नाही, सगळे तावून सुलाखून आलेले. त्यातलेही १,८३६ जण यादीबाहेर राहिले. या माणसांत जिद्द कमी होती, यांनी मोबाइल जास्त पाहिला, यांचं ध्येय पुरेसं स्पष्ट नव्हतं, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? खुद्द आयोग तसं म्हणत नाही. मुलाखतीपर्यंत येऊन राहिलेल्या, आणि संमती देणाऱ्या उमेदवारांची माहिती इतर नियोक्त्यांपुढे ठेवायची योजना यूपीएससीने २०१८ पासून चालवली आहे. आता तिला प्रतिभा सेतु म्हणतात. म्हणजे हे लोक लायक आहेत हे आयोगालाही मान्य आहे. जागा तेवढ्याच होत्या, इतकंच.

जिथे मेहनत आणि फळ यांच्यामध्ये जागांची संख्या उभी असते तिथे 'प्रयत्नांती परमेश्वर' हे वाक्य एका माणसाच्या बाबतीत खरं ठरतं आणि उरलेल्यांच्या बाबतीत क्रूर होतं. यशस्वी माणसाचं व्याख्यान ऐकताना आपण हे विसरतो, कारण उरलेल्यांना व्याख्यानाला कुणी बोलावत नाही.

आणि राज्याच्या परीक्षांमध्ये जागांच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी रद्द झाली तेव्हा शास्त्री रस्ता मुलांनी भरून गेला होता. ती परीक्षा मग २१ मार्चला घेतली गेली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीला पुण्याजवळ एका तरुणाने जीव दिला. त्याने मुख्य परीक्षा पास केली होती आणि तो दीड वर्षाहून अधिक काळ मुलाखतीची वाट पाहत होता. माणूस असा निर्णय का घेतो याचं एकच कारण सांगू नये, मीही सांगत नाही. पण त्यानंतर जे बाहेर आलं ते विसरता येत नाही. राज्य आयोगाच्या सदस्यांच्याच जागा रिकाम्या होत्या. ज्या संस्थेने भरती करायची, तिथेच भरती झालेली नव्हती. विधिमंडळात त्या जागा भरायची तारीख जाहीर करावी लागली. पुढे मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, ते २०२३ पासून. मुलं पुन्हा रस्त्यावर आली आणि बदल २०२५ वर गेला. वर्णनात्मक पद्धत चांगली की वाईट हा वाद मी इथे काढत नाही. मुद्दा इतकाच, की ज्या खेळाचे नियम, तारीख आणि बक्षिसांची संख्या दुसरा कुणीतरी ठरवतो, त्या खेळावर आख्खं आयुष्य लावू नये.

इथे क्लासवाल्यांचा आवडता सिद्धांत येतो. प्लॅन बी असला की माणूस सैल पडतो. बोटी जाळाव्या लागतात, दोर कापावे लागतात. दोर कापल्याचा दाखला आपल्याकडे सिंहगडाचा दिला जातो, आणि तो देताना हे सांगायचं राहून जातं की ती लढाई एका रात्रीची होती. सहा-सात वर्षं चालणाऱ्या लढाईत परतीची वाट ठेवणाऱ्यालाच सेनापती म्हणतात. शिवाय या सिद्धांताचा फायदा कुणाला, हेही विचारून पाहावं. ज्याच्याकडे दुसरा रस्ता नाही तो पुढच्या वर्षी पुन्हा फी भरतो. सगळे शिक्षक असा हिशेब करतात असं मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक स्वतः मुलाखतीतून परत आलेले आहेत आणि मनापासून शिकवतात. पण त्यांच्याकडे पाहिलं तर एक गंमत दिसते. शिकवणं हाच त्यांचा प्लॅन बी आहे, आणि तो बरा चाललाय.

प्रेरणा म्हणून ज्यांचे फोटो अभ्यासिकेच्या भिंतीवर लावतात त्यांच्या गोष्टीही नीट वाचाव्यात. डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण घ्या. साक्री तालुक्यातलं सामोडे गाव, भिल्ल समाज, वडील जन्माआधीच गेलेले, आईने दारू विकून वाढवलेलं मूल. पुढे आयएएस, नंदुरबारचे जिल्हाधिकारी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे करणारा माणूस. ही गोष्ट सांगताना सगळा भर झोपडीवर असतो. मधला भाग घाईने उरकला जातो: ते मुंबईला वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि ते घेता घेताच त्यांनी यूपीएससी दिली. निकाल विरुद्ध गेला असता तर दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर होते. त्यांच्या जिद्दीला यामुळे काही उणेपणा येत नाही. पण एकच ध्येय ठेवा, बाकी सगळं सोडा, असं शिकवणाऱ्या भिंतीवर हा फोटो शोभत नाही, एवढं खरं.

आपल्याच मातीत याहून जुनी आणि याहून शहाणी एक परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचं ब्रीदवाक्य झालं. साताऱ्यातली मुलं शेतात राबून, खडी फोडून शिकली. पुणे विद्यापीठात आजही त्यांच्या नावाची कमवा आणि शिका योजना आहे. ज्या महाराष्ट्रात काम करून शिकणं ही अभिमानाची गोष्ट होती, त्याच महाराष्ट्रात आज अभ्यासिकेतला मुलगा रोज चार तास कुठे काम करतो म्हटलं की बाकीचे त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघतात. 'याचं काही खरं नाही' हे त्याच्या पाठीमागे बोललं जातं. हा बदल कधी आणि कसा झाला, यावर कुणीतरी गंभीरपणे लिहायला हवं. मला तरी वाटतं, काम करणारा मुलगा कमी वाचतो हे अर्धसत्य आहे. तो रोज दोन-तीन तास कमी वाचत असेल. पण त्याला महिन्याच्या पाच तारखेला घरी फोन करून पैसे मागावे लागत नाहीत, आणि ज्याने तो फोन एकदा केलाय त्याला ठाऊक आहे की त्यापायी किती दिवस पानावर डोळा ठरत नाही.

आता वयोमर्यादेकडे येतो. या विषयावर बोललं की शिव्या खाव्या लागतात, तरी बोलायला हवं. २०१६ मध्ये राज्य सरकारने खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. मागासवर्गीयांसाठी ती ४३ आहे. २०२० च्या डिसेंबरअखेरीस आयोगाने यूपीएससीप्रमाणे संधींची संख्या मर्यादित करायचं जाहीर केलं, खुल्या प्रवर्गाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ. ओरड झाली आणि २०२२ मध्ये ती मर्यादा उठली. दोन्ही वेळा मुलांचा विजय झाला असं छापून आलं. मला तो विजय वाटत नाही. वयोमर्यादा वाढवायला तिजोरीतून एक रुपया लागत नाही. जागा काढायला पगार लागतो, निवृत्तिवेतन लागतं, कार्यालयं लागतात. सरकारने जागांऐवजी वर्षं दिली आणि आपण टाळ्या वाजवल्या.

याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. खेड्यातला मुलगा उशिरा शिकतो, उशिरा पदवी घेतो, त्याला परीक्षा असते हेच पंचविशीत कळतं. वर आयोगाच्या दिरंगाईत त्याची दोन-तीन वर्षं जातात, त्याची शिक्षा त्याला का? बरोबर आहे. आज अचानक वयोमर्यादा खाली आणा असं मीही म्हणणार नाही. जे तिच्या भरवशावर बसलेत त्यांचा तो विश्वासघात होईल. पण आजार दिरंगाईचा आणि औषध वयवाढीचं, हे किती दिवस चालणार? परीक्षा ठरल्या तारखेला झाली, निकाल ठरल्या महिन्यात लागला, मुलाखती त्याच वर्षी उरकल्या, तर तेहतीस वर्षं कुणालाही पुरतात. आंदोलनांची मागणी वयाची असते तेव्हा ती लगेच मान्य होते. मागणी वेळापत्रकाची असते तेव्हा समिती बसते. यातच काय ते कळतं.

कुणी म्हणेल, समजा मुदत ठरवून अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला, तर तो मुलगा करणार काय? शेती परवडत नाही. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीला कंत्राटी काम, तेही अकरा महिन्यांचं. सरकारनेच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बाह्य यंत्रणेकडून कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला, त्या महिनाभरात मुलांच्या पोटात गोळा आला होता. कायम नोकरी, निवृत्तीपर्यंत पगार, गावात मान आणि लग्नाच्या बाजारात किंमत, हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं ते सरकारी खात्यात. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. त्या हसण्यात शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी का मिळत नाही हा प्रश्न होताच. अशा ठिकाणी 'जीवनात समतोल ठेवा' हा सल्ला खाऊनपिऊन सुखी माणसाचा वाटतो.

पण मला नेमकं उलट वाटतं. एकच ध्येय परवडतं ते श्रीमंताला. ज्याच्या बापाचं लक्ष्मी रोडला दुकान आहे किंवा कोथरूडला दुसरा फ्लॅट आहे, त्याने सात वर्षं यूपीएससी केली आणि नाही झालं, तर आठव्या वर्षी तो गल्ल्यावर बसतो. त्याची सात वर्षं गेली, आयुष्य गेलं नाही. अर्धा एकर विकून आलेल्याला आठव्या वर्षी परत जायला ते अर्धा एकरही नसतं. ज्याच्याकडे दुसरा आधार जन्मतः नाही त्याने तो स्वतः उभा करायचा असतो, अभ्यासाच्या जोडीने, पहिल्या वर्षापासून. गरिबाच्या मुलासाठी समतोल हा चैनीचा विषय नाही, विमा आहे.

आणि हा दुसरा आधार म्हणजे आणखी एक सरकारी परीक्षा नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पेठेत प्लॅन बी विचारलं की उत्तर येतं: राज्यसेवा नाही तर कम्बाइन (गट ब आणि गट क पदांची संयुक्त परीक्षा), कम्बाइन नाही तर तलाठी, तलाठी नाही तर पोलीस भरती. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क असताना. खालची परीक्षा सोपी असते हा भ्रम आहे. वरून घसरलेले सगळे खाली तिथेच भेटतात. एकाच खात्याकडे चार अर्ज केले म्हणून चार ध्येयं होत नाहीत. दुसरा आधार म्हणजे जाहिरात निघो न निघो, ज्याचे पैसे मिळतात असं काहीतरी: हिशेब आणि जीएसटीचं काम, आयटीआयचा एखादा ट्रेड, नर्सिंग, सोलर बसवणं, शाळेत शिकवण्याची पदविका. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमकं यासाठीच आहे, की माणसाला एक काम करता करता दुसरं शिकता यावं. अभ्यास कधी वाया जात नाही, असं निवड न झालेल्याला समजावतात. काही अंशी खरं असेल. पण चाकणच्या कारखान्यात मुलाखतीला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कुणी विचारत नाही.

मुदतीबद्दल बोलायचं तर मुली आणि मुलं यांच्यातला फरक बघण्यासारखा आहे. मुलीला पुण्याला पाठवताना घरातून आकडा सांगितला जातो: दोन वर्षं. आई फोनवर म्हणते, "स्थळं येतायत गं, अण्णांना मी कितीदा थांबवू?" मुलाला असा आकडा मिळत नाही. त्याला मिळतं ते "होईल रे, अजून एक वर्ष कर." मुलीवरचा हा अन्याय आहे. तिला दोन वर्षं आणि भावाला दहा, आणि पैसा दोघांच्या बापाचा एकच. त्यावर पांघरूण घालायचं नाही. तरी मला दिसलेल्या मुली एक गोष्ट भावांपेक्षा चांगली करतात. मुदत डोक्यावर असल्याने त्या सोबत बी.एड. करून ठेवतात, टायपिंगच्या परीक्षा देतात, जी पहिली नोकरी मिळेल ती घेतात आणि मग तिथून पुढचा अभ्यास करतात. भाऊ तेवढ्यात 'क्लास वनच' म्हणून बसलेला असतो. मुलीची मुदत दुसऱ्याने ठरवलेली असते हा दोष. मुलाला मुदतच नसते हाही दोषच, आणि घरोघरी त्याला मात्र मोकळीक म्हणतात, प्रेम म्हणतात.

सोडून देणं ही हार आहे, असं आपल्यात फार खोल रुजलंय. त्याला छेद देणारं काम मानसशास्त्रात झालं आहे. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हाताबाहेर गेलेल्या ध्येयांचा अभ्यास मांडला. त्यात महाविद्यालयीन मुलं होती, प्रौढ माणसं होती, कर्करोग झालेल्या मुलांचे आईवडीलही होते. जे ध्येय आता गाठता येत नाही त्यातून मन काढून घेणं आणि दुसऱ्या ध्येयात ते गुंतवणं, या दोन गोष्टी ज्यांना जमतात ती माणसं तुलनेने सुखात राहतात, असं त्यांना आढळलं. यात दुसरी अट महत्त्वाची आहे. नुसतं सोडून चालत नाही, गुंतायला काहीतरी लागतं. आणि ते 'काहीतरी' निकालाच्या संध्याकाळी अचानक उगवत नाही. ज्याने गेली पाच वर्षं दाढेपासून भावापर्यंत सगळं पुढे ढकललंय, त्याने मन काढून ते ठेवायचं कुठे?

म्हणून मुदत निकालानंतर ठरवायची नसते. निकालानंतर माणूस स्वतःशी खोटं बोलतो; दोन मार्कांनी राहिलो, पुढच्या वेळी नक्की. दोन मार्कांनी राहणं हे तर सगळ्यात वाईट, कारण ते आणखी तीन वर्षं खातं. मुदत पहिली फी भरायच्या आधी ठरवावी, घरातल्या एका माणसाला सांगावी, आणि ती संधींमध्ये न मोजता वयात मोजावी, कारण संधी कधी येईल ते आयोगाच्या हातात आहे, वय मात्र कुणासाठी थांबत नाही. एवढं केलं की बाकीचा समतोल वेगळा साधावा लागत नाही, असा माझा अंदाज आहे. ज्याला अठ्ठावीस ही मुदत माहीत आहे तो दाढ आजच दाखवतो.

सरकारकडे मागायचंच तर हे मागता येईल. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था हजारो मुलांना यूपीएससी-एमपीएससीच्या प्रशिक्षणासाठी विद्यावेतन देतात. चांगलं काम आहे. ज्यांना पुण्याचा खर्च झेपलाच नसता अशी मुलं त्यामुळे इथवर आली. त्याच विद्यावेतनाला एक अट जोडा: वर्षातले काही तास असं कौशल्य शिकण्यात घालवायचे ज्याला बाहेर बाजारात पैसे मिळतात. राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत पोचून राहिलेल्यांसाठी यूपीएससीसारखा दुवा राज्यानेही बांधावा. महामंडळं, सहकारी बँका, साखर कारखाने, मोठ्या ग्रामपंचायती, सगळ्यांना शिकलेली माणसं लागतातच. आणि जाहिरातीत परीक्षेच्या तारखेसोबत अंतिम निकालाची तारीखही छापावी, जी चुकली तर कुणाला तरी विधिमंडळात उत्तर द्यावं लागेल.

गावाने काय करावं? निवड झालेल्याची मिरवणूक काढावी, जरूर काढावी, फेटा बांधावा. फक्त त्याच गल्लीत परत आलेल्या दुसऱ्या मुलाला रोज पारावर "काय झालं रे रिझल्टचं?" विचारणं बंद करावं. त्याने दुकान टाकलं असेल तर तिथून साखर घ्यावी.

एवढं सगळं झालं तर पेठेतला एखादा घरमालक विचारेल, की पोरं अठ्ठाविसाव्या वर्षी परत गेली तर आमच्या कॉटा रिकाम्या राहतील, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, या भागाचं अर्थकारणच त्यावर चालतं. पण त्याचं उत्तर शोधायचं काम आता घरमालकांनी करावं. आजवर ते मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या बापांनी केलं आहे, दर महिन्याच्या पाच तारखेला.